खडक ढकलत नाही

सुरुंगवाला सोमवारी सकाळी येणार होता, आणि शुक्रवारी दुपारी सिग्नलताईची शीट वरपासून खालपर्यंत लाल झालेली होती.

सिग्नलताई हे नाव आमच्या ऑफिसने ठेवलेलं. रस्त्याच्या कडेला ज्या उंच भिंती असतात, त्या ती डिझाइन करते आणि त्यासाठी तिने स्वतः एक भलीमोठी स्प्रेडशीट बांधली आहे. आकडा सुरक्षित असला की चौकोन हिरवा होतो, नसला की लाल. बाहेरचा माणूस तिच्या खुर्चीमागून गेला तर त्याला वाटावं, बाई दिवसभर चौकातली वाहतूक सांभाळतायत. तिला या नावाचा राग येत नाही. फक्त आमच्यातला कोणी लाल चौकोन झाकायला त्यावर हाताने आकडा टाइप करताना सापडला, की ती त्याच्याकडे असं बघते की त्याने स्वतःहून लायसन्स काढून द्यावं.

तिच्या भिंती दगडी नसतात. समोर वीतभर जाडीची काँक्रीटची पॅनेलं आणि मागे भरावाचे थर. दर दोन थरांच्या मध्ये चिवट प्लास्टिकची जाळी आडवी अंथरलेली असते आणि तिचं एक टोक पॅनेलला अडकवलेलं असतं. वरची माती जाळीला दाबून धरते, जाळी पॅनेलला धरून ठेवते. थोडक्यात, मातीनेच मातीला आवरायचं. हे सगळं मला कॉलेजात शिकवलं होतं, मी त्यात चांगले मार्कही मिळवले होते. पण ते कळलं मात्र ताईच्या शेजारची खुर्ची मिळाल्यावर.

त्या शुक्रवारची भानगड अशी होती. गावाच्या वरच्या अंगाला उतारावर एक अरुंद गल्ली आहे. ती रुंद करायची होती. उताराच्या पायथ्यापासून तीन मजली घराएवढी भिंत उभी करायची, भिंत आणि उतार यांच्या मधल्या जागेत भराव टाकायचा, आणि त्यावरून नवा रस्ता. जाळीची लांबी साधारण भिंतीच्या उंचीच्या सात दशांश ठेवायची, हा या धंद्यातला पाठ झालेला नियम. ताईच्या शीटमध्येही लांबीसाठी एकच चौकोन होता. सगळे थर एकाच मापाचे कापले की साइटवर गोंधळ होत नाही.

पण जमिनीची पहिली तपासणी झाली होती ती गल्लीच्या दुसऱ्या टोकाला. या टोकाला पाया खणायला घेतला आणि खडक लागला. उताराच्या पोटातून तो असा पुढे आलेला, की वर भरपूर जागा आणि तळाशी जेमतेम निम्मी. नियमाची जाळी तिथे मावतच नव्हती. ताईने लांबीच्या चौकोनात तळाची लांबी टाकली, आणि सगळी शीट लाल.

"लालच ना?" साहेब तिच्या टेबलाजवळ उभे राहून म्हणाले. "मग विषय संपला. खडक फोडू."

"सुरुंग लावून?"

"मग काय चमच्याने? वरची घरं रिकामी करून पावसाळा संपेपर्यंत तशीच ठेवायची. सोमवारी सुरुंगवाला येतोय, मी कागदावर सही करून देतो."

"सोमवारी करताय ना सही? मग आज कशाला विषय संपवताय?"

साहेब हसले. ते वाईट माणूस नाहीत. त्यांना भिंत पडलेली चालत नाही आणि काम अडलेलं चालत नाही, बस. "डिझाइन तपासायला बाहेरचे सर येतायत सोमवारी," ते म्हणाले. "त्यांना पटेल असं काही असलं तर दाखव. नाहीतर सुरुंग."

साहेब गेले. ताई स्क्रीनकडे बघत राहिली. तिला सुरुंग का नको होता, हे मला माहीत होतं. रिकाम्या करायच्या घरांमधलं पहिलं घर म्हणजे काकूंचं पाळणाघर.

या काकू ताईच्या नात्यातल्या नव्हेत. ताईला चिमणी, तिची मुलगी, झाली तेव्हा तिने नोकरी सोडली होती. घरी बसून ती जुन्या भिंतींची गणितं पुन्हा पुन्हा सोडवायची, कुणी शब्दकोडी सोडवतं तशी. एकदा भाजीच्या दुकानात काकूंनी तिला रडक्या पोरीला कडेवर घेऊन पिशवीच्या वजनाचा हिशेब बडबडताना ऐकलं. काकू म्हणाल्या, "अगं, दे तिला इकडे. आणि तू जा तुझ्या कामाला. नाहीतर वेड लागेल तुला, आणि तुझ्यामुळे हिला." त्या आठवड्यात चिमणी पाळणाघरात गेली आणि ताई ऑफिसात परत आली. आमच्या ऑफिसातली आणखीही काही मुलं तिथेच असतात. काकूंचं स्वतःचं कुणी नाही, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. त्या घरातली ती गडबड हेच त्यांचं घर.

पाळणाघर काही दुकान नव्हे, शटर ओढलं आणि पावसाळ्यानंतर पुन्हा उघडलं. पोरं एकदा दुसरीकडे रुळली की परत येत नाहीत. काकू हे स्वतःच ताईला म्हणाल्या होत्या, अगदी साध्या आवाजात. घर रिकामं करावं लागेल असं ऑफिसने आधीच कळवलं होतं, आणि त्याच दिवशी त्यांनी जास्तीच्या गाद्या बांधायला काढल्या होत्या.

"ऐक," ताई अचानक माझ्याकडे वळून म्हणाली. "माझ्या आईकडे शिवायला आलेल्या कापडांचा ढीग असायचा. छताला टेकेल एवढा. त्यातलं खालचं कापड ओढून काढायला गेलं की काय व्हायचं?"

"निघायचं नाही."

"आणि वरचं?"

"फुंकर मारली तरी निघेल."

"मग मी खालच्या जाळीला वरच्याएवढी लांब का करतेय?"

उत्तर मला माहीत होतं आणि तरीही ते कधी सुचलं नव्हतं. भिंत पडायची झाली तर मागच्या मातीतला एक तिरका तुकडा घेऊन पडते. तो तुकडा पायथ्याशी अगदी निमुळता असतो आणि वर जाताना रुंद होत जातो. जाळी उपयोगाची असते ती त्या तुकड्याच्या मागे, स्थिर मातीत जेवढी रुतली असेल तेवढीच. म्हणजे वर लांब जाळी हवी, कारण तुकडा रुंद आणि डोक्यावर वजन कमी. खाली तुकडा चिमूटभर आणि वजन मात्र सगळ्या भिंतीचं. आखूड जाळीसुद्धा तिथे दातात धरल्यासारखी राहते. आणि खडकानेही नेमकी तशीच जागा ठेवली होती, वर ऐसपैस, खाली अरुंद.

"एकच चौकोन ठेवला हीच चूक," ताई म्हणाली. "प्रत्येक थराला स्वतःची लांबी द्यायची. सरक जरा."

तिला शीट बांधताना बघणं म्हणजे एखाद्या तरबेज माणसाला सायकल उघडताना बघण्यासारखं आहे. एक सुटा भाग बाजूला ठेवला, की पुढे कुठे हात घालायचा हे बोटांना ठाऊक. तिने लांबीचा चौकोन उडवला. क्षणात सगळीकडे चुकांची चिन्हं उगवली, जणू घराचा मुख्य खिळाच काढला. मग प्रत्येक थराची एक ओळ: जमिनीपासून उंची, वरचं वजन, जाळीची लांबी, त्यातली तिरक्या तुकड्यात गेलेली लांबी, उरलेली लांबी, पकड. मी ओळी वाचत होते, ती फॉर्म्युले लिहीत होती. मध्येच ती पुटपुटायची, "हं, तू इकडे ये. तू कुठे चाललास?" हे मला नव्हतं, फॉर्म्युल्यांना होतं.

ऑफिस सुटायच्या आत वरचा थर हिरवा झाला. मग त्याखालचा. मग एकेक ओळ हिरवी होत खाली उतरत गेली आणि आम्ही दोघी खुर्चीच्या कडेवर आलो. तळापर्यंत हिरवं. फक्त शेवटची एक तपासणी लाल राहिली. मागून येणाऱ्या ढकलीच्या मानाने सगळ्या जाळ्यांची मिळून पकड दीडपट हवी होती, आणि ती एकपटसुद्धा भरत नव्हती.

"ढकल फार येतेय," मी म्हणाले.

"हो ना. येतेय खरी." तिने पर्स उचलली. "उद्या साइटवर येतेस?"

शनिवारी सकाळी आम्ही पायथ्याशी उतरलो. तिथला इंजिनिअर आम्हाला घ्यायला आला. त्याला सगळे चिखलबूट म्हणतात, कारण त्याच्या बुटांचा मूळ रंग त्याच्या बायकोलाही माहीत नसावा. पायासाठी खणलेला चर महिनाभर तसाच उघडा पडला होता. चराच्या मागच्या बाजूला खडक सरळ उभा होता, भिंतीच्या निम्म्या उंचीपर्यंत गेलेला. यंत्राच्या दातांचे ओरखडे अजून ताजे वाटावेत असे स्पष्ट होते.

ताई चरात उतरली. खडकाला तिने हात लावला, मग पाठ टेकून उभी राहिली, मग पुढे चालत जाऊन मागे वळून बघितलं.

"याला टेकू कधी दिला होता?"

"टेकू?" चिखलबूट म्हणाला. "याला कशाला टेकू? हा काय पडतोय?"

"महिनाभर असाच उभा आहे?"

"ताई, हा माझ्या पणजोबांच्याही आधीपासून उभा आहे. महिनाभर फक्त आपण बघतोय."

ताई माझ्याकडे बघून हसायला लागली. आधी मला वाटलं, चिखलबुटाच्या बोलण्याला हसतेय. पण ती हसतच चराच्या बाहेर चढली आणि माझा दंड धरून म्हणाली, "अगं, माझी शीट समजतेय मागे सगळी मातीच आहे. मातीच ढकलते. हा कुठे कुणाला ढकलतोय? खडक ढकलत नाही."

शीटमध्ये मागची ढकल वरपासून तळापर्यंत वाढत जायची, पायथ्याशी सगळ्यात जास्त. आणि पायथ्याशीच तर हा बाबा स्वतःच्या पायावर उभा होता. अर्ध्या उंचीच्या वर माती होती, तिची ढकल खरी. भिंत आणि खडक यांच्या मधल्या भरावाची ढकल, तीही खरी. उरलेली सगळी नुसती भीती होती, आणि ती शीटने आपणहून धरली होती, कारण तिला खडक हा शब्द कुणी शिकवलाच नव्हता.

"ताई, मी लगेच पाया भरायला घेऊ का?" चिखलबूट म्हणाला.

"घाई करू नकोस. आणि मला याचे सगळीकडून फोटो हवेत. भेगा कुठल्या दिशेने जातात ते दिसलं पाहिजे."

"खडकाचे? लग्नात नवरीचे काढतात तसे?"

"तसेच. नवरीचा एकही तीळ सुटायला नको."

भेगा मागच्या बाजूला, डोंगराच्या आत झुकलेल्या निघाल्या. खडक बाहेर घसरायची भीती नव्हती. दुपारी ऑफिसात येऊन ताईने ढकलीचे दोन तुकडे केले, वर मातीची आणि खाली नुसत्या भरावाची. एंटर दाबलं. शेवटचा लाल चौकोन हिरवा झाला. मी टाळ्या वाजवल्या, आणि सुट्टीच्या दिवशी रिकाम्या ऑफिसात त्या फारच मोठ्याने वाजल्या. ताईने शीट आणि फोटो तपासणीच्या सरांना पाठवून दिले.

हे सर म्हणजे कॉलेजातून निवृत्त झालेले प्राध्यापक. कुठल्याही भिंतीचं गणित ते पहिल्यापासून स्वतःच्या हाताने करतात, दुसऱ्याचं बघतही नाहीत. त्यांचा फोन संध्याकाळच्या आत आला. ताईने फोन स्पीकरवर टाकला.

"खडक ढकलत नाही, हे मान्य," सर म्हणाले. "कोरडा होता का पण?"

ताईने डोळे मिटले. चराच्या तळाशी ओल होती. आम्ही दोघींनी पाहिली होती. ताईच्या सँडलचा तळवा अजून ओलसर होता. आणि आम्ही मात्र खडक किती छान उभा आहे यातच गुंग.

"ओल होती, सर."

"मग खडक ढकलत नाही, पण खडकातून येणारं पाणी ढकलतं. त्याचं काय ते बघा. सोमवारी भेटू."

फोन बंद झाला. मला वाटलं, आता ताई हातपाय गाळणार. तिने उलट ड्रॉवरमधून चॉकलेट काढून अर्धं मला दिलं. "बरं झालं, आत्ता विचारलं," ती म्हणाली. "भिंतीने नंतर विचारलं असतं."

रविवारी सकाळी मी तिच्या घरी गेले. दारातच तिचा नवरा भेटला. मी त्यांना दाजी म्हणते. ते शाळेत चित्रकला शिकवतात आणि ताईच्या शीटला घरातली तिसरी व्यक्ती समजतात.

"या, या," दाजी म्हणाले. "आत दोघीजणी आहेत. एक बोलत नाही आणि दुसरी रंग बदलते."

जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप होता. ताईने भराव आणि खडक यांच्यामध्ये खडीचा उभा थर घातला होता, तळाशी पाणी बाहेर काढणारे पाइप. त्यामुळे पाण्याची ढकल बरीच कमी झाली. पण खडी थोडी तुंबली, पाइप अर्धे भरले, असं धरूनच गणित करायचं असतं. तेवढ्या पाण्यालासुद्धा पकड पुरत नव्हती. दीड हवं, आणि चौकोनात दिसत होतं एक पूर्णांक त्रेचाळीस. लाल.

"थोडक्यात जातंय," मी म्हणाले. "तळाशी अजून एक जाळी टाकली तर?"

"तेच करतेय." तिने सगळ्यात खाली एक नवी ओळ जोडली. वरची ओळ खाली ओढली, उंची बदलली, लांबी टाकली. नव्या ओळीची पकड चांगली घसघशीत आली. आम्ही दोघींनी शेवटच्या चौकोनाकडे पाहिलं.

एक पूर्णांक त्रेचाळीस.

"अजून एक टाक."

तिने अजून एक टाकली. एक पूर्णांक त्रेचाळीस.

मला खरंच वाईट वाटलं. सगळं इथवर आणलं आणि आता जमीनच नाही म्हणत होती. माझ्या डोळ्यांपुढे बांधलेल्या गाद्या आल्या. मी म्हणाले, "ताई, नसेल होत. खाली जागाच कमी आहे. जाळीचा उपयोग होत नसेल."

ताईने खुर्ची पुढे ओढली. मान जराशी तिरकी करून ती त्या आकड्याकडे बघत होती, एखादं पोर फार शहाण्यासारखं बसलं की आई बघते तशी.

"दोन जाळ्या घातल्या," ती सावकाश म्हणाली. "थोडासा तरी हलायला हवा होता की नाही? शेवटचा अंक तरी?"

"हो."

"हा जागचा हललाच नाही." तिने नव्या ओळीतल्या लांबीच्या चौकोनावर क्लिक केलं आणि तिथे एक हजार मीटर टाइप केलं.

"एक किलोमीटर?"

"एक किलोमीटर जाळी. डोंगराच्या पलीकडून बाहेर निघाली. आता बघ."

एक पूर्णांक त्रेचाळीस. लाल.

ताई एवढ्या जोरात हसली की दाजी हातात ब्रश घेऊन बाहेर आले. "काय झालं?"

"डोंगराला आरपार शिवलं तरी भिंत हलते म्हणतेय ही शीट," ताई म्हणाली.

"मग वाईट आहे ना?"

"वाईट कसलं. ही ओळ ती मोजतच नाहीये."

तिने बेरजेच्या चौकोनावर क्लिक केलं. मलाही दिसलं. बेरीज जुन्या शेवटच्या ओळीपर्यंत जाऊन थांबत होती. आजवर ताईने जेव्हा जेव्हा थर वाढवला तो दोन ओळींच्या मध्ये घुसवून. मध्ये ओळ घुसवली की बेरजेची हद्द आपोआप ताणली जाते. तळाच्याही खाली ओळ जोडायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. नव्या दोन्ही जाळ्या दाराबाहेर उभ्या होत्या आणि आत त्यांना कुणी मोजत नव्हतं.

तिने आधी तो किलोमीटर काढून खरी लांबी टाकली. मग दुसरी जाळी काढून टाकली, कारण "गरज नसेल तर उगाच कशाला". मग बेरीज शेवटच्या ओळीपर्यंत ओढली. आकडा हलला. एक पूर्णांक छप्पन्न, हिरवा.

मी खुर्चीतून उठून स्वयंपाकघरापर्यंत गेले आणि परत आले. मला बसवतच नव्हतं. आमच्या पिढीला वाटतं, उत्तर मशीन देतं. आणि इथे एक बाई आकडा बरोबर आहे की चूक हे बघायच्या आधी तो जिवंत आहे की नाही हे बघत होती.

"पाठवायचं सरांना?" मी विचारलं.

"थांब. आधी जुन्या सगळ्या भिंती उघडूया. मी कुठे खाली ओळ जोडली होती का, बघितलंच पाहिजे."

"त्यात तर बेरीज कमीच धरली गेली असती. म्हणजे भिंत जास्तच मजबूत."

"पकडीची बेरीज कमी. पण याच ओळींवरून वजनाचीही बेरीज आहे, आणि ती कमी पडली तर पायाखालच्या जमिनीवर भार कमी दिसेल. उघड."

दुपारभर आम्ही जुन्या शीट उघडत होतो. दाजींनी पुढ्यात ताटं ठेवली, आम्ही जेवलो, काय जेवलो ते आठवत नाही. एकाही भिंतीत तसं नव्हतं. शेवटी ताईने मला लॅपटॉपपासून लांब बसवलं आणि या भिंतीचं तळापासूनचं गणित कॅल्क्युलेटरवर करायला लावलं, तिच्या शीटकडे न बघता. माझं उत्तर तिच्या उत्तराशी जुळलं तेव्हा चिमणी आमच्या मध्ये येऊन टेबलावर चढली होती आणि हिरवे चौकोन दाखवून "हे पण, हे पण" करत होती. मग ताईने भिंतीचं नवं चित्र आणि पाइपांचा हिशेब सरांना पाठवला.

सोमवारी बैठकीच्या खोलीत साहेब होते, चिखलबूट होता, आणि दाराजवळच्या खुर्चीत सुरुंगवाला हेल्मेट मांडीवर घेऊन बसला होता. सर आले ते बगलेत कागदांची गुंडाळी घेऊन. पेन्सिलीने लिहिलेले कागद त्यांनी टेबलावर पसरले, चष्मा बदलला.

"बाई, तुमचं उत्तर किती?"

"एक पूर्णांक छप्पन्न."

सरांनी कागदावर बोट ठेवलं. "माझं वेगळं येतं."

सुरुंगवाल्याने मांडीवरचं हेल्मेट सरळ केलं. ताईचा हात टेबलाखाली माझ्या मनगटावर आला आणि घट्ट बसला.

"माझं एक पूर्णांक एकसष्ट येतं," सर म्हणाले. "पाइप तुम्ही अर्धे तुंबवलेत, मी पावच तुंबवले. तुम्ही घाबरट आहात, बाई."

"पाइप साफ करायला कोण जातंय, सर."

"खरंय. तुमचंच ठेवा." त्यांनी पेन्सिल कानामागे लावली. "माझ्या दोन अटी आहेत. पाइपांची तोंडं बाहेरून उघडता आली पाहिजेत. आणि प्रत्येक थराची लांबी वेगळी आहे, साइटवर कुणीतरी नक्की वरची खाली आणि खालची वर करणार. तेव्हा बाईंनी स्वतः तिथे उभं राहायचं. प्रत्येक थराला."

साहेबांनी ताईकडे पाहिलं. ताई डिझाइनवाली, भिंत उभी राहताना ती कधीच साइटवर नसायची. नेहमी फोटोतच बघायची. "उभी राहते," ती साहेबांनी विचारायच्या आधीच म्हणाली.

साहेब सुरुंगवाल्याकडे वळले. "सॉरी हं. तुम्हाला उगाच त्रास."

"काही हरकत नाही," तो उठत म्हणाला. "वर पाळणाघर आहे ना? माझापण तिथे हात चालला नसता."

आम्ही थेट गल्लीत गेलो. काकूंच्या दारात गाद्यांचं गाठोडं तयार होतं, वर खेळण्यांची टोपली. आत दोन पोरं एका ट्रकवरून भांडत होती आणि काकू तिसऱ्याचं नाक पुसत होत्या.

"काकू, गाद्या सोडा," ताई म्हणाली.

काकूंनी नाक पुसून पूर्ण केलं. मग ताईकडे पाहिलं. "म्हणजे?"

"घर रिकामं करायचं नाही. सुरुंग नाही. काही नाही."

काकूंनी गाठोड्याकडे पाहिलं. मग त्यावरच बसल्या. पदराने त्यांनी डोळे पुसले नाहीत, कपाळ पुसलं. "मी दोघांच्या आयांना दुसरी जागा शोधायला सांगूनसुद्धा टाकलं होतं," त्या म्हणाल्या. "आता त्यांना परत सांगायचं म्हणजे माझी शोभा."

"मी सांगते."

"तू नको. तू त्यांना जाळी-बिळी समजावत बसशील. मीच सांगते." मग त्यांनी ताईकडे संशयाने पाहिलं. "यंत्रं तरी येणारच ना?"

"रोलर येईल. माती दाबायला."

"घर हलेल?"

"भिंतीजवळ छोटा रोलर चालवू. फार नाही हलणार. पण आवाज होईल."

"जेवणानंतर माझी पोरं झोपतात," काकू म्हणाल्या. "त्या वेळात तुझा रोलर बंद. नाहीतर मी त्या सगळ्यांना खाली तुझ्याकडे पाठवीन, मग तू झोपव."

ताईने कामाच्या वेळापत्रकात तेवढ्यासाठी एक वेगळा रकाना केला. चिखलबूट कपाळाला हात लावून म्हणाला, "ताई, मी आजवर सिमेंटसाठी थांबलो, पावसासाठी थांबलो. झोपेसाठी पहिल्यांदाच." पण त्याने ते पाळलं. जेवणानंतर रोलर थांबायचा, आणि त्या शांत वेळात ताई पुढच्या थराच्या जाळ्या स्वतः टेपने मोजून घ्यायची.

पहिली पॅनेलं उभी राहिली त्या दिवशी काकू पोरांची रांग घेऊन गल्लीच्या कठड्यापाशी आल्या. खाली वाकून त्यांनी पाहिलं आणि ताईला हाक मारली. "अगं, वाकडी आहे तुझी भिंत. आत झुकलीये."

"मुद्दाम झुकवलीये," ताई खालून म्हणाली. "भराव दाबला की माती तिला बाहेर रेटते. तेव्हा सरळ होते."

"नाही झाली तर?"

"होईल, काकू."

"तू सांगतेस म्हणून," काकू म्हणाल्या, आणि जागच्या हलल्या नाहीत.

तळाची जाळी अंथरली गेली, आखूड, खडकाला लावलेल्या खडीपर्यंत. ती ताणली, माती पडली, रोलर फिरला. ताई टोकाच्या पॅनेलला ओळंबा लावून उभी होती. वरच्या कोपऱ्यातून सोडलेल्या दोरीचं वजन आधी तळाच्या कोपऱ्यापासून आत, भरावाच्या बाजूला लोंबत होतं. रोलरच्या प्रत्येक फेरीनंतर ती वाकून बघायची आणि बोटांनी अंतर दाखवायची, वर कठड्यावर काकूंना दिसेल असं. अंतर कमी होत गेलं. शेवटच्या फेरीनंतर तिने दोन बोटं एकमेकांना टेकवली.

काकूंनी मान डोलावली. मग रांगेतल्या पहिल्या पोराचा हात धरून म्हणाल्या, "चला, उभी राहिली. आता सगळ्यांनी झोपायचं."